मदत हवी आहे: डेंटल हायजिनच्या मुलांना ऑनलाइन संख्याशास्त्र कसं शिकवता?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची. डेंटल हायजिनिस्टच्या डिप्लोमाला संख्याशास्त्र आणि एपिडेमिऑलॉजी (आजार कोणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास) शिकवते, तास ऑनलाइन. मुलं निपाणी, चिक्कोडी, रायबाग, खानापूरची. काही मराठी माध्यमातली, काही कन्नड. बहुतेकांकडे फक्त मोबाइल, आणि जांबोटीकडच्यांना रेंज मिळेल तेव्हा तास. त्यामुळे एसपीएसएस वगैरे संगणकावरची सॉफ्टवेअर कृपया सुचवू नका.

सूत्रं त्यांना जमतात. अडतं ते आकडा हातात आल्यावर. डीएमएफटी म्हणजे किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले अशा दातांची बेरीज. मी बारा शाळकरी मुलांचा काल्पनिक तक्ता दिला: आठ जणांचा शून्य, बाकी चौघांचे २, ३, ५, ८. सरासरी १.५ सगळ्यांनी बरोबर काढली आणि खाली लिहिलं, 'प्रत्येक मुलाचे साधारण दीड दात खराब.' अहो, आठ जणांना कीडच नाही! मग सर्वांत जास्त कीड असलेल्या एकतृतीयांश मुलांचीच सरासरी काढायला लावली (सिग्निफिकंट केरीज इंडेक्स म्हणतात तो हाच). ती आली ४.५. तेव्हा कुठे चॅटमध्ये जरा हालचाल झाली. मला अशी उदाहरणं हवी आहेत, हातानं करता येण्याजोगी.

कप्पाला (योगायोगानं जुळलेलं वगळून दोन तपासनीसांचं एकमत किती, हे सांगणारा आकडा) तर गाडी पूर्ण अडते. दोन तपासनीस, तेच १०० दात. ८८ दोघांच्या मते चांगले, २ दोघांच्या मते किडलेले, ५ फक्त पहिल्याला किडलेले वाटले, ५ फक्त दुसऱ्याला. एकमत ९० टक्के, पण कप्पा जेमतेम ०.२३. बहुतेक दात चांगलेच असल्यामुळे नुसत्या योगायोगानंही ८७ टक्के जुळलं असतं, हे समोर फळा असता तर रंगवून दाखवलं असतं. स्क्रीनवर सगळे गप. 'समजलं का?' विचारलं की 'हो मॅडम' येतं, त्याला काही अर्थ नसतो.

एपिडेमिऑलॉजीत पाठ्यपुस्तक १८५४ च्या लंडनमधल्या, कॉलरा पसरवणाऱ्या पाण्याच्या पंपापासून सुरू होतं. उदाहरण चांगलंच आहे, पण निपाणीच्या पोरांना तंबाखू आणि मिश्री जवळची. तिथे वेगळा घोळ होतो. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या एकदाच तपासलेल्या असल्या, तरी मुलं बिनधास्त 'मिश्रीमुळे झालं' लिहितात. आधी काय होतं, मिश्री की दुखणं? काहीजणी दात दुखतो म्हणूनच मिश्री धरतात. तसंच दंतशिबिराचे आकडे दिले की थेट तालुक्याची टक्केवारी निघते. शिबिराला येतो कोण, ज्याचा दात ठणकतो तो. छेदात कोण आहे हे विचारायची सवयच नाही, आणि माझ्या मते अख्ख्या विषयात तीच एक सवय लागली तरी पुष्कळ.

ओपनएपी हे आकडेमोडीचं संकेतस्थळ मोबाइलच्या ब्राउझरवर चालतं, पण मुलं चार आकडे टाकून ऑड्स रेशो (दोन गटांतल्या आजाराच्या शक्यतांचं गुणोत्तर) उतरवून घेतात, आणि त्याचा अर्थ विचारला की पुन्हा शांतता.

तर ऑनलाइन वर्गात मुलांना बोलतं कसं करता? छोटे गट करून एकमेकांचे निष्कर्ष तपासायला लावायचा विचार आहे, पण भाषेनुसार गट करू की मिसळून? आणि परीक्षेत फक्त अर्थ लावायचे प्रश्न कोणी घातलेत का? नमुना असेल तर टाका. नर्सिंग किंवा फार्मसीला शिकवणाऱ्यांचाही अनुभव चालेल.