शब्दचर्चा : ‘स्कुल्प्सिट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सतराव्या शतकातल्या फ्रेंच दरबारी व्यक्तिचित्रांच्या छापांविषयी लिहितो आहे. चित्राखाली लॅटिनमध्ये ‘पिंक्सिट’, ‘स्कुल्प्सिट’, ‘आद विवुम’ असे शब्द असतात. पहिला सोपा आहे : ‘रंगवले’. दुसऱ्याला ‘शिल्पकार’ लिहिले तर वाचकाला पुतळा आठवेल. काय करावे?

उत्तर : सरळ ‘कोरले’ लिहा. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने बारीक चरे पाडायचे, त्यांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांमधून दाबून काढायचा, असे ते काम. फक्त पत्र्याला ‘ताम्रपट’ म्हणू नका. त्याने दानपत्र डोळ्यांपुढे येते.

दुसरे मत : मला ‘पत्र्यावर उतरवले’ अधिक बरे वाटते. झाँ मोरँ या कोरकाने चित्रकार फिलिप द शाँपेन्यच्या रंगचित्रांवरून फ्रान्सचा मंत्री कार्डिनल रिशल्यूसारख्यांची चित्रे केली. तो चेहरा बारीक ठिपक्यांनी, आम्लाच्या साहाय्याने उठवी. तरी त्याच्या छापांवर ‘स्कुल्प.’ असेच येते. म्हणजे हा शब्द हत्यार सांगत नाही, पत्रा कोणी घडवला ते सांगतो.

उत्तर : मुद्दा रास्त आहे, पण ‘उतरवले’ने रोबेर नाँतॉय (१६२३–१६७८) या कोरकावर अन्याय होईल. तो नुसता दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणारा नव्हता. राजा चौदावा लुई, त्याचे मंत्री मझारँ आणि कोल्बेर अशांना समोर बसवून तो स्वतः रेखाटन करी आणि मग तेच कोरी. गालाची उतरण दाखवायला जवळजवळ मारलेल्या आखूड रेघा, केसांना लांब वळणदार रेघ. तांब्यावर इतकी जिवंत त्वचा क्वचितच कोणाला साधली. ‘आद विवुम’ ते यासाठीच, म्हणून तिथे ‘प्रत्यक्ष पाहून’ हवे. ‘जिवंतपणी’ लिहिले तर अर्थच बदलतो. १६५८ मध्ये त्याला राजाचा रेखाटनकार-कोरक हे पद मिळाले, आणि १६६० च्या सँ-झाँ-द-ल्यूझ गावी निघालेल्या फर्मानाने कोरणकाम ही मुक्त कला ठरली. कारागीर-संघाचे बंधन तिला लागू नाही, असे राजानेच सांगितले.

प्रश्नकर्ता : पटले. नाँतॉयला ‘प्रत्यक्ष पाहून रेखाटले व कोरले’, मोरँला ‘शाँपेन्यच्या चित्रावरून आम्लाने कोरले’ असे लिहितो. आणि ‘एक्स्कुडिट’?

उत्तर : ‘छापून प्रकाशित केले’. ते नाव बहुधा विक्रेत्या-प्रकाशकाचे असते. कधी कलावंत स्वतःच प्रकाशक असे, तेव्हा एकाच नावापुढे दोन्ही शब्द दिसतील.