प्रतिसाद: बांबूपेक्षा मांडव बरा

शेजारच्या इमारतीतून परसात नजर पडू नये म्हणून कुंपणाला दाट बांबू लावा, हा इथे वर दिलेला सल्ला शेजारी दुमजली बंगला असेल तर ठीक. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत आता जुन्या बंगल्यांच्या जागी उंच इमारती होताहेत. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतली नजर कुंपणावरून नाही, थेट वरून येते. आमच्याकडे परसात बसायच्या जागेपुरता लोखंडी अँगलचा मांडव केला आणि त्यावर मधुमालतीचा वेल चढवला. सगळं परस झाकायचा हट्ट सोडला. (नाशिककर म्हणून द्राक्षाचा मोह होईलच, पण एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेल उघडा पडतो.)

'शेजाऱ्यांना त्यांच्या खिडक्याच बंद करायला लावा' असंही इथे कुणीतरी म्हटलंय. १८८२ च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जागेबाबत मिळणारे हक्क) कायद्याच्या कलम १८ मध्ये शेजाऱ्याच्या खाजगीपणावर अतिक्रमण करणाऱ्या नव्या खिडकीचं उदाहरण आहे खरं, पण तो हक्क गावातल्या रूढीवर उभा आहे. तशी रूढी होती हे आधी कोर्टात सिद्ध करावं लागतं. नव्या कॉलनीत कुठून आणणार? त्यापेक्षा बांधकाम चालू असतानाच बिल्डरला गाठून बाथरूम-जिन्याच्या खिडक्यांना धुरकट काच मागा, ते सहसा ऐकतात.