अनुदान ठीक, पण बस लावणार कुठे?

अनुदान दिलं की मुंबईतल्या सगळ्या स्कूल बस झटपट इलेक्ट्रिक होतील असं काही जण म्हणतात, आणि दाखला अमेरिकेचा देतात. तिथे २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यातून कमी प्रदूषणाच्या स्कूल बससाठी पाच वर्षांकरता ५ अब्ज डॉलर बाजूला काढले, हे खरं. पण तिथे बऱ्याच बस सरकारी शाळांच्याच मालकीच्या, रात्री त्यांच्याच आवारात उभ्या. आपल्याकडे दोन-चार गाड्यांचा मालक, मानेवर बँकेचा हप्ता, आणि बस रात्री भांडुप नाहीतर कांदिवलीत रस्त्याच्या कडेला. चार्जर काय दिव्याच्या खांबाला लावणार?

इलेक्ट्रिक वाहनांना प्रोत्साहन देणारी आपल्या केंद्राची २०२४ची पीएम ई-ड्राइव्ह योजना १०,९०० कोटींची. त्यात ई-बससाठी ४,३९१ कोटी आहेत, मुंबईही यादीत आहे, पण ते सार्वजनिक परिवहन संस्थांसाठी. खासगी मालकाची स्कूल बस त्यात बसतच नाही.

मला विचाराल तर पैसा आधी चार्जिंगच्या जागांवर घालावा. सकाळी मुलं सोडली की बस दुपारपर्यंत रिकामी (मधल्या वेळात कंपनीची भाडी मारणारे सोडून द्या). तेवढ्यात बेस्टच्या आगारात किंवा पालिकेच्या वाहनतळावर पैसे भरून चार्जिंग करता आलं, तर छोटा मालकही निदान हिशोब मांडून बघेल. आणि सीएनजीच्या गाड्यांना हात लावण्याआधी जुन्या डिझेलच्या बदला.

शाळा सुटायच्या आधी एसीसाठी इंजिन चालू ठेवून गेटसमोर धूर सोडत उभ्या असणाऱ्या बसला तर अनुदानही नको. पालक-शिक्षक संघाने ठणकावलं तरी पुरे.