मदत हवी आहे: अध्ययन निष्पत्ती धरून टाचण कसं काढता?

नमस्कार मंडळी, मी हडपसरला चौथीला गणित शिकवते. आत्तापर्यंत मी धड्यावरून टाचण (तासाला काय, कसं शिकवायचं ते लिहिलेलं) काढायचे, आधी पानं वाटून घ्यायची मग तासिका ठरवायच्या, निष्पत्ती (शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते) शेवटी पुस्तकातून बघून लिहायची. ते मला आता पटत नाहीये.

म्हणून यंदा अपूर्णांकाला उलटं करून बघतेय. निष्पत्ती म्हणते की मुलाला अर्धा, पाव, पाऊण कागदाच्या घडीतून ओळखता आला पाहिजे आणि वस्तूंच्या समूहातूनही, मग मी आधी ते तपासायचं कसं हे ठरवलं आणि मागे येत तासिका आखल्या. घडी सगळ्यांना जमली हो, पण १२ चिंचोक्यांचा पाव किती म्हटलं की अर्धा वर्ग ४ सांगतो! मुलांचं म्हणणं, पाव म्हणजे ४ भाग, म्हणून उत्तर पण ४.

आता तिथेच अजून दोन तासिका द्याव्यात का पुढे जाऊन २/४ आणि १/२ सारखेच हे घेताना परत फिरून यावं? घटक नियोजन (कुठला घटक कधी संपवायचा ते) तर मागे पडतंय. आणि एका टाचणात निष्पत्ती एकच घेता का दोन-तीन? कोणाकडे भरलेलं टाचण असेल तर फोटो टाका प्लीज, कोरा नमुना नको.