मदत हवी आहे: २००३ सालच्या ईमेल खात्यातील गहाळ मेल कसे शोधावेत आणि हे खाते पुढे कसे सांभाळावे?

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून इतिहासाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. २००३ साली एका मोफत सेवेवर उघडलेले ईमेल खाते मी आजही वापरते. या पत्त्यावर माझे माजी विद्यार्थी, त्यांचे नातेवाईक, गडकोट हिंडणारी मंडळी आणि काही ग्रामसेवक आपापल्या गावातील वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांची) छायाचित्रे आणि टिपणे पाठवत आले आहेत. गेल्या महिन्यात या सगळ्याची गाववार सूची करायला बसले, तेव्हा जे मेल आल्याचे मला नक्की आठवते, ज्यांना मी उत्तरेही दिली होती, त्यांतील बरेचसे खात्यात सापडत नाहीत असे लक्षात आले. त्यांतले काही वीरगळ आज जागेवर नाहीत. काही मंदिराच्या जीर्णोद्धारात पायात गेले, तर काहींवर ऑइलपेंटचे इतके थर चढले आहेत की खालच्या चौकटीतील लढाई आणि वरच्या चौकटीतील शिवपूजा यांतले काहीच ओळखता येत नाही. त्यामुळे मेलला जोडलेले जुने छायाचित्र हाच काही दगडांचा उरलेला पुरावा आहे आणि म्हणूनच मी इतक्या तपशिलाने लिहीत आहे.

गहाळ मेल एकाच प्रकारचे नाहीत, हे मला पंधरा दिवसांच्या खटपटीनंतर उमगले. २००४ ते २००९ या काळात आलेले मेल वेबवरील खात्यात जवळजवळ नाहीत. मी पाठवलेली उत्तरे तर २०१२ पर्यंतची नाहीत. २००९ नंतरचे मेल आहेत, परंतु शोधचौकटीत ‘वीरगळ’ लिहिल्यावर अपेक्षेच्या निम्मेसुद्धा हाती लागत नाहीत. आणि याच वर्षी आलेले काही मेल, जे मी उघडून वाचले होते, तेही दिसेनासे झाले आहेत.

पहिल्या प्रकाराचे कारण मला बहुधा कळले आहे. त्या काळी मोफत खात्यांत जागा फारच थोडी असे. हॉटमेलवर २ एमबी आणि याहूवर ४ एमबी मिळत होती. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा घेऊन आले, तेव्हा ती गोष्ट कित्येकांना खरी वाटली नव्हती. माझ्या खात्यातही दोन-चार छायाचित्रे आली की पेटी भरायची आणि पुढचे मेल पाठवणाऱ्याकडे परत जायचे. म्हणून घरच्या संगणकावर, विंडोज एक्सपीमधील आउटलुक एक्स्प्रेस या मेलच्या प्रोग्राममध्ये, मी पॉप पद्धतीने मेल उतरवून घेत असे. पॉपचा मूळ रिवाज टपालपेटी रिकामी करण्याचा आहे. सर्व्हरवर प्रत ठेवावी अशी खूण आपण मुद्दाम केली नाही, तर मेल संगणकावर येतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. ती खूण मी केलेली नव्हती, कारण जागा मोकळी होणे हेच मला तेव्हा हवे होते. उत्तरेही मी तिथूनच पाठवत असल्यामुळे ती त्या संगणकाच्या ‘सेंट आयटम्स’मध्येच राहिली. तो संगणक माळ्यावर आहे आणि सुदैवाने आम्ही तो भंगारात दिलेला नाही.

दुसरा प्रकार मराठीत लिहिणाऱ्या अनेकांच्या वाट्याला आला असेल. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सर्वदूर पोचण्यापूर्वी मंडळी शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी अशा फॉन्टांत मजकूर टंकित करून मेलमध्ये चिकटवत. त्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी आत साठवली जातात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तो मेल निरर्थक अक्षरांची रास दिसतो आणि ‘वीरगळ’ हा शब्द त्यात शोधणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने नसतोच. तोच शब्द जुन्या फॉन्टात टंकित करून, त्याची मूळ अक्षरे शोधचौकटीत टाकण्याचा प्रयोग मी करून पाहिला. मात्र शब्दाच्या मध्येच कंस किंवा स्वल्पविराम येत असल्यामुळे शोध तिथेच तुटतो. काहींनी रोमन लिपीत मराठी लिहिले आहे. ज्यांनी युनिकोड वापरले त्यांच्यातही वीरगळ, विरगळ, वीरगल आणि नुसते ‘लढाईचा दगड’ इतकी रूपे आहेत. शेवटी मी शब्द सोडून दिले आणि ‘जोडपत्र असलेले मेल’ एवढीच अट घालून एकेका वर्षाचे मेल क्रमाने उघडत गेले. या कंटाळवाण्या पद्धतीने ज्यांची आशा सोडली होती असे ६३ मेल मिळाले. ते हरवलेले नव्हतेच. म्हणून माझ्यासारखी अडचण असलेल्यांनी शब्दशोधावर विसंबून मेल गेला असे ठरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसऱ्या प्रकाराबाबत मला वाईट वाटते. मुलाने टॅबवर हेच खाते आयमॅप पद्धतीने जोडून दिले. टॅबची जागा भरली म्हणून मी तिथले मेल पुसले आणि ते फक्त टॅबवरून जातील असे धरून चालले. आयमॅपमध्ये सर्व यंत्रांवर एकच पेटी दिसत असते, त्यामुळे एका ठिकाणी पुसलेले सगळीकडून पुसले जाते. माझ्या सेवेत कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. मुदतीच्या आतले मेल परत आणले. बाकीच्यांपैकी ज्यांचे प्रेषक आठवले, त्यांना आपल्या ‘पाठवलेले’ कप्प्यातून तोच मेल पुन्हा पाठवण्याची विनंती केली असून चौघांनी तसे पाठवलेही.

आता जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत.

माळ्यावरचा संगणक सुरू करावा की त्यातील हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून वाचावी? आउटलुक एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक कप्प्याची एक डीबीएक्स फाइल असते आणि ती लपवलेल्या फोल्डरात असते, इतके मला ठाऊक आहे. तो प्रोग्राम मधूनमधून फाइली आटोपशीर करण्याची परवानगी मागतो; ते काम अर्धवट राहिल्यास फाइल बिघडते, म्हणून मूळ फाइलींची नक्कल घेण्यापूर्वी प्रोग्राम उघडूच नये, असे मला वाटते. हे बरोबर आहे का? नक्कल झाल्यावर त्यातील मेल एकेका ईएमएल फाइलीत काढून थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये घालायचे आणि तेथून आयमॅपद्वारे खात्यात चढवायचे, असा माझा विचार आहे. असे केल्यास मेलवरील मूळ तारखा टिकतात का? माझ्या सूचीत दगड कोणत्या वर्षी कोणत्या अवस्थेत होता हेच महत्त्वाचे आहे, त्यामुळे तारीख गेली तर अर्धे काम वाया जाईल.

दुसरा प्रश्न खात्याच्या भवितव्याचा आहे. या पत्त्याशी पेन्शनची बँक, आयकर विभागाचे संकेतस्थळ आणि म्युच्युअल फंडाची विवरणे जोडलेली आहेत. खात्याच्या पुनर्प्राप्तीसाठी नोंदवलेला मोबाइल क्रमांक मी २०१५ साली बंद केला. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, म्हणजे माझ्या खात्याची किल्ली इतकी वर्षे अनोळखी माणसाच्या हाती असू शकेल. तो क्रमांक मी काल बदलला. नवीन खाते उघडावे, असे मुलगा म्हणतो. परंतु वीरगळांची माहिती पाठवणाऱ्या पुष्कळ लोकांकडे हाच पत्ता आहे आणि कोणी दहा वर्षांनी पुन्हा लिहिले, तर ते पत्र मला मिळाले पाहिजे. म्हणून आर्थिक व्यवहार नव्या खात्यावर न्यायचे आणि जुने खाते केवळ पत्रव्यवहारासाठी चालू ठेवायचे, असे मी ठरवत आहे. हे खाते निष्क्रिय ठरू नये म्हणून किती वेळाने उघडावे? गूगलच्या खात्यांसाठी २ वर्षांची मुदत आहे, पण काही सेवांची मुदत त्याहून कमी असते, म्हणून मी महिन्यातून एकदा तरी उघडण्याची नोंद दिनदर्शिकेवर केली आहे.

भर, आठ दिवसांनंतर:

ज्यांनी उत्तरे दिली, त्यांची मी मनापासून आभारी आहे. आपल्या सल्ल्याप्रमाणे संगणक सुरू न करता हार्ड डिस्क बाहेर काढली आणि गावातील दुरुस्तीवाल्याकडून एका जोडणीच्या साहाय्याने लॅपटॉपला लावली. डिस्क वाचता आली. इनबॉक्सची डीबीएक्स फाइल १ जीबीहून मोठी आहे आणि तिच्या दोन नकला वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत. चाचणीसाठी वीस मेल ईएमएल स्वरूपात काढून थंडरबर्डमधून खात्यात चढवले. मेल उघडल्यावर तारखा मूळच्याच दिसतात. यादीत मात्र काही मेल आजच्या तारखेखाली आले आहेत. मेलमध्ये लिहिलेली तारीख आणि सर्व्हरने नोंदवलेली पोचल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे एका सदस्यांनी समजावून सांगितले, तेच येथे घडले असावे.

त्या वीस मेलमध्ये २००६ सालचे एक छायाचित्र आहे, ज्यातील वीरगळाच्या चारही चौकटी स्पष्ट दिसतात. तो दगड मी गेल्या वर्षी पाहिला, तेव्हा त्याचे दोन तुकडे झालेले होते आणि वरचा तुकडा तिथे नव्हता.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘सेंट आयटम्स’ची फाइल उघडत नाही, तिचा आकार व्यवस्थित दिसतो, परंतु कप्पा रिकामा असल्याचे दाखवले जाते. अशा फाइलीतून मेल बाहेर काढण्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला असल्यास, कोणते साधन वापरले आणि जोडपत्रे शाबूत राहिली का, हे कृपया सविस्तर लिहावे. फाइलीची नक्कल माझ्याकडे असल्यामुळे कोणताही प्रयोग करून पाहण्याची माझी तयारी आहे.