विषय: खानापूरच्या ई-रिक्षाला सोलर, कंट्रोलर कुठला घ्यावा?

मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

धाकटा भाऊ खानापूर स्टेशनवर ई-रिक्षा चालवतो. जुन्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून त्यानं ४८ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बसवली आहे. चार्जिंग घरच्या मीटरवर. गृहज्योतीची (कर्नाटकातली मोफत विजेची योजना) ठरलेली युनिटं ओलांडली की बिल येतं, म्हणून शेडवर ५४० वॅटची दोन पॅनलं टाकतोय. पॅनल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळायला बेळगावात एक दुकानदार दोन हजारांत 'एमपीपीटी' कंट्रोलर देतो म्हणे. घ्यावा का? की गणपतीला जाणाऱ्या कुणाच्या बॅगेतून इथूनच पाठवू?

– खानापूरवाला, बर्मिंगहॅम

*

अरे, दोन हजारांत एवढ्या पॅनलांना खरा एमपीपीटी, म्हणजे पॅनलचं जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलून देणारा, मिळणं कठीण. डब्यावर छापायला काय जातंय! हातात घेऊन बघायला सांग की. खऱ्यात मोठी कॉइल आणि जाड हीटसिंक (उष्णता घालवणारा धातूचा भाग) असतो, वजन लागतं. हलका फुलका असला तर आत पीडब्ल्यूएमच, म्हणजे साधा स्वस्तातला प्रकार, आहे असं समज.

फरक किती पडतो बघ. तुझं एकेक पॅनल साधारण ४१ व्होल्टला चालतं. ४८ ची म्हणतात ती बॅटरी प्रत्यक्षात ५२ व्होल्टच्या आसपास असते. पॅरलल जोडलीस तर तिच्यात करंट शिरणारच नाही, म्हणून सिरीज करावी लागतात. मग पीडब्ल्यूएम ८२ व्होल्ट खाली ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, करंट मात्र १३ ॲम्पिअरच राहतो. म्हणजे १०८० वॅटच्या पॅनलांतून हाती ६८० वॅट. पॅनलांना पैसे घालून कंट्रोलरमध्ये वाचवणं मला तरी पटत नाही. एमपीपीटीला ३० ॲम्पिअर पुरे. पॅनलकडची मर्यादा मात्र १५० व्होल्टचीच बघ, कारण लोड नसताना ही दोन पॅनलं शंभरापर्यंत जातात आणि थंडीतल्या सकाळी त्याच्याही वर.

दुसरं, बॅटरीचं लेबल वाचायला सांग. एलएफपी आणि एनएमसी या लिथियमच्या दोन जाती. एलएफपीचे १६ सेल असतील तर भरती ५८.४ व्होल्टला पुरी होते, एनएमसीचे १३ असतील तर ५४.६ लाच. कंट्रोलरमध्ये हा आकडा आपल्याला बदलता आला पाहिजे. लेड-ॲसिडचं सेटिंग ठेवून चालायचं नाही, त्यातलं इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) तर बंदच हवं.

इथून पाठवू नकोस. बिघडला तर वॉरंटीला परत बर्मिंगहॅमला आणणार का? शिवाय इथल्या महागड्या मॉडेलांत शून्याखालच्या थंडीचं संरक्षण असतं, त्याचे पैसे खानापुरात कशाला मोजायचे?

पण मुख्य प्रश्न तू विचारलाच नाहीस. ऊन असतं तेव्हा रिक्षा घरी असते का?

– निपाणीची ताई

*

ताई, फोन करून विचारलं. सकाळी आठला बाहेर पडतो. अकरा ते तीन गिऱ्हाईक नसतं, तेव्हा घरीच असतो. बॅटरी एलएफपी, १६ सेलची आहे.

*

मग जमलं. ते चार तास उन्हाचे. चांगल्या दिवशी तीन युनिटं भरतील आणि बॅटरी आहे पाचाची, म्हणजे निम्म्याहून जास्त. दिवसभर बाहेर असता तर मी कंट्रोलर घेऊच नको म्हणाले असते. त्यापेक्षा केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ग्रिडला (विजेच्या सरकारी लाइनीला) जोडलेलं सोलर आणि रात्री गाडीचा नेहमीचा चार्जर बरा. पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागं ३० हजार सबसिडी आहे, पण ती ग्रिडला जोडलेल्यालाच.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलटं. मधला एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच) डीसीचाच हवा, घरातला एसीचा नको, त्यात ठिणगी विझत नाही. कंट्रोलर पत्र्याखाली टांगू नका, तापला की करंट कमी करतो. सावलीतल्या भिंतीवर लावा.

आणि जुना चार्जर विकू नका म्हणावं. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुला मी काय सांगायचा? जून ते सप्टेंबर त्याच्यावरच रिक्षा चालणार.

– ताई