मागचा डेमन पडला, व्हीएम ताटकळली – आपापले अनुभव लिहा

गोदाकाठ

काल संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि नाशिकच्या इंदिरानगरात वीज गेली. लेकीचा ऑनलाइन क्लास चालू होता. राऊटर बंद पडला, पडद्यावरच्या बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. ती म्हणाली, "बाबा, बंद करून परत चालू करू?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हात लावू नकोस. मागून येईल." वीज आली, राऊटर उभा राहिला, आणि बाई पुढचं गणित सांगायला लागल्या.

हे "हात लावू नकोस" मी २०२२ च्या पावसाळ्यात एका मॅडमकडून ऐकलं होतं. तेव्हा सातपूरच्या एका छोट्या ऑफिसात होतो. एका होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, केव्हीएममधून १४ व्हीएम (सॉफ्टवेअरमधली आभासी मशीनं), आणि त्यांच्या डिस्का व्हीहोस्ट-यूजर नावाच्या जोडणीवरून एक वेगळा स्टोरेज डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) द्यायचा. रात्री साडेअकराला तो डेमन कोसळला. गंमत बघा, पिंगला सगळ्या व्हीएम उत्तर देत होत्या. लॉगिन उघडायचं, पण काही कमांड दिली की कर्सर तिथेच. एका खिडकीत आधीपासून टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालू होतं, त्यात डेटाबेसच्या प्रोसेसपुढे 'डी', म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेली, आणि लोड (तुंबलेल्या कामांचा आकडा) ६० च्या पुढे. कन्सोलवर कर्नल सांगत होता, अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकलाय.

माझा माऊस फोर्स रिसेटवर होता. मॅडम फोनवरून म्हणाल्या, "हात काढ आधी. व्हीएम मेलेली नाही, ती वाट बघतेय."

मग त्यांनी जे समजावलं ते आजही जसंच्या तसं लक्षात आहे. व्हीएम डिस्ककडच्या आपल्या मागण्या एका रिंगमध्ये, म्हणजे गोल फिरणाऱ्या यादीत, मांडते, आणि ती रिंग व्हीएमच्याच मेमरीत असते. डेमन गेला तरी रिंग जागेवर. प्रश्न उरतो तो डेमनने उचललेल्या पण पुऱ्या न केलेल्या मागण्यांचा. नेटवर्कमध्ये कामं बहुतेक ओळीने होतात, त्यामुळे किती झाली यावरून पुढे कुठून धरायचं ते कळतं. डिस्कवर मात्र पाचवी मागणी दुसरीच्या आधी पुरी होऊ शकते. म्हणून डेमन आपल्या हातातल्या कामांची नोंद एका सामायिक मेमरीत ठेवतो आणि व्हीएम चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम ती सांभाळतो. नवा डेमन जोडला गेला की क्यूईएमयू ती वही त्याच्या हातात देतो, आणि अर्धी राहिलेली कामं तो परत टाकतो. याला 'इनफ्लाइट' म्हणतात. व्हीहोस्ट-यूजरमध्ये ही सोय २०१९ मध्ये आली. क्यूईएमयू आणि डेमन, दोन्हीकडे ती असावी लागते. आमच्याकडे होती.

डेमन सुरू करायला गेलो तर म्हणे पत्ता आधीच वापरात आहे. जुनी सॉकेट फाइल (डेमन आणि क्यूईएमयू जिथे जोडले जातात तो पत्ता) तशीच पडली होती. ती काढली, डेमन उठला, दर सेकंदाला पुन्हा जोडून बघायचं सेटिंग होतंच. अर्ध्या मिनिटात लोड उतरायला लागला. १३ व्हीएममधले डेटाबेस बंदसुद्धा पडले नव्हते. चौदावी माझ्या सहकाऱ्याने आधीच रिसेट केली होती, तिची डिस्क तपासणी आणि डेटाबेसची डागडुजी पहाटे चारपर्यंत चालली.

तुमच्याकडे काय काय झालंय? लिहा.

सातपूरकर

आमच्याकडे रीकनेक्ट, म्हणजे ते पुन्हा जोडून बघायचं सेटिंग, लिहिलेलंच नव्हतं. डीफॉल्ट शून्य असतं, म्हणजे क्यूईएमयू एकदा तुटला की परत विचारायला जातच नाही. डेमन तीन मिनिटांत उभा केला आणि तासभर बसलो वाट बघत. शेवटी सगळ्या व्हीएम मारून परत उठवल्या. आता नवीन होस्ट हातात आला की व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) आधी तेच शोधतो.

रात्रपाळी

गोदाकाठ दादा, मॅडमना माझा नमस्कार सांगा. अशी माणसं रात्री साडेअकराला फोन उचलतात म्हणून आपण शिकतो.

माझं नेटवर्कचं. ऑगस्ट २०१९, तो पुराचा रविवार. गोदावरीतला दुतोंड्या मारुती पाण्याखाली, मी पंचवटीत आणि ऑफिस नदीपलीकडे. आदल्या रात्री कुणीतरी ओपन व्हीस्विच (व्हीएमना नेटवर्क देणारा सॉफ्टवेअरमधला स्विच) अपडेट करून रीस्टार्ट केला होता. स्विच छान चालू, पोर्ट दिसतायत, आणि तरी व्हीएममध्ये लिंक डाऊन, पण सगळ्यांत नाही. काही व्हीएम सुरू होत्या, काही मेल्यासारख्या. दोन तास फरक कळेना. मग पोर्टचे प्रकार बघितले. ज्या मेल्या होत्या त्यांचे पोर्ट जुन्या प्रकारचे, म्हणजे 'डीपीडीकेव्हीहोस्टयूजर'. ज्या चालू त्यांच्या नावात शेवटी 'क्लायंट' हा एक शब्द जास्त. जुन्यात सॉकेटचा सर्व्हर, म्हणजे जोडणीची वाट बघणारा, स्विच असतो. तो गेला की व्हीएम रीस्टार्ट करण्यावाचून गत्यंतर नाही. क्लायंटवाल्यात सर्व्हर क्यूईएमयू, आणि स्विच उठला की स्वतःहून येऊन जोडतो. त्याला क्यूईएमयू २.७ किंवा पुढचं लागतं, ते होतं आमच्याकडे, पण कुणी बदललंच नव्हतं

कुकर झाला, आले

मुंबईनाका

त्या रविवारी आम्ही रामकुंडाकडे पाणी बघायला गेलो होतो, पोलिसांनी लांबूनच परत पाठवलं. भांडीबाजारातल्या मामांच्या दुकानात पाणी शिरलं होतं, दोन दिवस चिखल काढत होतो.

रात्रपाळी

अरेरे. आमच्या काकूंचंही तिथेच दुकान. त्यांची सगळी पितळी भांडी आम्ही गच्चीत आणून धुतली.

द्राक्षबाग

मी आयटीतला नाही. पिंपळगावला छोटं कोल्ड स्टोरेज आहे. तापमानाची नोंद करणारं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना म्हणून पुतण्याने व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनी विंडोज टाकून दिली. सेन्सरची तार यूएसबीतून आत जाते. ऐन फेब्रुवारीत, माल भरलेला असताना, उंदराने ती तार ओढली की काय कोण जाणे, निघाली. मी परत खोचली. बाहेरच्या कॉम्प्युटरने ट्यँव आवाज केला, पण आतल्याला पत्ताच नाही. चार तास नोंद नाही. एक्स्पोर्टचा माल, नोंद नसली तर समोरचा ऐकून घेत नाही. माझ्या पोटात गोळा आला होता. दर वीस मिनिटांनी थर्मामीटर घेऊन आत जायचो आणि वहीत लिहायचो. पुतण्याने रात्री येऊन यूएसबी फिल्टर लावला. आता तार निघाली आणि परत खोचली की ती आपोआप आतल्या मशीनला मिळते. ती वही अजून ठेवलीय.

गोदाकाठ

काका, ती हाताने लिहिलेली वही म्हणजे तुमचं इनफ्लाइट. माल गेला ना नीट?

द्राक्षबाग

गेला. सगळा गेला.

पाथर्डीफाटा

एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरवर, डिस्का असणाऱ्यांनी हे वाचाच. आमच्या दोन होस्टवर एकच एनएफएस सर्व्हर. एका होस्टवर माउंट (त्या सर्व्हरची जोडणी) हार्ड, म्हणजे सर्व्हर येईपर्यंत थांबणारा, दुसऱ्यावर कुणीतरी सॉफ्ट केलेला. सर्व्हर वीस मिनिटं गायब. हार्डवाल्या व्हीएम गपगुमान उभ्या राहिल्या आणि सर्व्हर आल्यावर जणू काही झालंच नाही. सॉफ्टवाल्या होस्टने थोडा वेळ वाट बघून एरर आत ढकलली, आतल्या एक्सटी४ फाइल सिस्टीमने जर्नल (बदलांची नोंदवही) सोडलं आणि एकेक व्हीएम रीड-ओन्ली. नऊ व्हीएमचं एफएससीके (डिस्क तपासणी) मी एकट्याने केलं. तेव्हापासून डिस्कवर एरर पॉलिसी 'स्टॉप' ठेवतो. लिहिताना एरर आली की व्हीएम आहे तिथे थांबते. स्टोरेज नीट झालं की व्हर्श रिझ्युम कमांड, आणि ती पुढे चालू.

सिडको_सेक्टर

आयस्कझीत (नेटवर्कवरून डिस्क जोडायची आणखी एक पद्धत) १२० सेकंद लक्षात ठेवा. रिप्लेसमेंट टाइमआउट, म्हणजे तुटलेली जोडणी तेवढ्यात परत आली नाही की एरर आत जाते. आमचा स्विच उठायला तीन मिनिटं घ्यायचा. हिशेब तुम्हीच करा. त्या एका मिनिटापायी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी सर्व्हर रूममध्ये होतो. आईने उटणं डब्यात भरून ठेवलं होतं, संध्याकाळी लावलं.

तांबडीमिसळ

😔 आई ती आईच.

गृहखाते

माझे मिस्टर याच कामात. रात्री फोन वाजला की मी आता विचारत नाही, चहा टाकते. आज हा धागा वाचून पहिल्यांदा कळलं की ते रात्री नुसते बसून काळ्या पडद्याकडे का बघत असतात. मला वाटायचं काही करत का नाहीत.

सातपूरकर

वहिनी, ते बसणंच सगळ्यात अवघड काम असतं. त्यांना सांगा आम्ही आहोत.

मुंबईनाका

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोण कोण वेळेवर टाकतं? डिस्टिल्डच टाका, नळाचं नको. माझी दोन वर्षांत गेली.

डिप्लोमा_तिसरं

एक विचारू का? घरी जुन्या पीसीवर हे करून बघतोय. डेमन सुरू आहे, सॉकेट आहे, पण व्हीएममध्ये डिस्कच दिसत नाही. आणि असं अडकल्यावर व्हीएम आतून रीबूटही का होत नाही?

गोदाकाठ

दुसऱ्याचं उत्तर आधी. बंद होतानाही तिला डिस्कवर लिहायचं असतं, आणि ते लिहिणंच अडकलेलं असतं. 'डी'मधल्या प्रोसेसला तर किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) सुद्धा लागत नाही.

रात्रपाळी

आले परत. बाळा, मेमरी शेअर केलीस का? रिंग व्हीएमच्या मेमरीत आहे ना, मग डेमनला ती मेमरी दिसायला नको? एक्सएमएलमध्ये मेमरी बॅकिंग बघ, अ‍ॅक्सेस 'शेअर्ड' हवं.

डिप्लोमा_तिसरं

ताई नव्हतं!! टाकलं. डिस्क आली.

डिप्लोमा_तिसरं

रीकनेक्ट १ ठेवलं. आत डीडी (डेटा लिहीत राहणारी कमांड) चालू केलं, बाहेरून डेमनला किल -९ दिलं. डीडी थांबलं. दीड मिनिट काही केलं नाही, हात मांडीखाली घेऊन बसलो. मग सॉकेट काढलं, डेमन उठवला. आकडा पुढे सरकला. फाइलचा चेकसमही (ती बिघडली नाही ना हे सांगणारा आकडा) जुळला!

पाथर्डीफाटा

शाब्बास रे.

डिप्लोमा_तिसरं

अजून एकदा करून बघतो.